मनगटावरचा आग्रह

मी आता जे सांगणार आहे, त्यावर इथे बसलेला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. नकाच ठेवू. केळीच्या घडावर बसून भर पुरात तापी ओलांडल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही माना डोलावल्या होत्या. आणि हे खरोखर घडलेलं आहे, तर याला हसाल. तरी सांगतो. तुराट्यांच्या जाळावर वांगी आत्ताच टाकलीत, साली काळ्या पडायला वेळ आहे, आणि भरिताच्या पार्टीला आलेल्या माणसाला नुसतं धुरात बसवून ठेवायची आमच्या खानदेशात रीत नाही.

तर ऐका. नको म्हणजे नको नसतं, हे एका यंत्राला मी शिकवलं. मी, लीलाधर भंगाळे, दहावी दुसऱ्या झटक्यात पास.

"मागच्या पार्टीला तुम्ही ट्रॅक्टरला पोहायला शिकवलं होतं, नाना," गिरीश म्हणाला. गिरीश माझा पुतण्या. माझ्या प्रत्येक गोष्टीच्या फुग्याला टाचणी लावायचं काम त्याने लहानपणापासून अंगावर घेतलंय.

"शिकवलं. ट्रॅक्टर शिकला नाही. यंत्र शिकलं."

आज गावच्या माणसांत एक पाहुणा बसलाय, म्हणून जरा नीट सांगतो. हा शार्दूल, पुण्याहून आलाय. तुमच्या-आमच्या मनगटावरचा हृदयाचा पट्टा ह्याची कंपनी बनवते. त्या पट्ट्यात यावल-रावेरकडे जो आवाज बोलतो, तो माझा. आता कंपनीला तोच आवाज साऱ्या महाराष्ट्रासाठी हवाय. पण त्याआधी ह्याला माझ्या व्याह्यांची गोष्ट हवीय. व्याह्यांचा नको खरा होता आणि तो मी ओळखला, असं ह्याच्या कानावर गेलंय. कसा ओळखला, ते मी सांगायचं. मग तसा तो पट्ट्याला ओळखता येईल, असं त्याचं म्हणणं. माझ्या सदऱ्याला त्याने हा बारका माइक अडकवलाय, त्यामुळे मी आज शिवी देणार नाही.

"आणि थाप?" गिरीश.

"तीही बेतानेच."

तिकडे चुलीजवळ पुऱ्या तळतेय ती माझी सून, कामिनी. गोष्टीतले व्याही म्हणजे हिचेच वडील. ती ऐकतेय की नाही, सांगता येत नाही. कढईसमोर बसलेल्या बाईच्या पाठीवरून काही कळत नाही.

पट्टा पहिल्यांदा आला तेव्हा आम्हाला ते घड्याळ वाटलं. वेळ मात्र तो सांगायचा नाही. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया, टोचलेल्या कळायच्या नाहीत. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं, तो मरायला लागला, की त्याचे काही अंश रक्तात उतरतात, तिथून कातडीखालच्या ओलाव्यात येतात. सुया ते हुंगतात. त्याच वेळी ठोक्यांचा आलेखही बिघडला, तर पट्टा आधी स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावतो आणि मग माणसाशी बोलतो. बक्कलाच्या पोटात एक गोळी असते. तीनशे मिलिग्रॅम ॲस्पिरिन. चार-सहा प्रश्न विचारायचे, माणसाने गोळी घ्यायला हो म्हणायचं, मग बक्कल उघडणार. हो शिवाय उघडायचं नाही, असा कायदा.

गोळी काय करते, ते मला ईशानीने समजावलं. ईशानी वाघुळदे, तेव्हा कंपनीत इंजिनियर होती. ती म्हणाली, "नाना, हृदयाच्या नळीत चरबीचा थर असतो. त्याला एखाद्या दिवशी चीर पडते. रक्तातल्या प्लेटलेटना वाटतं जखम झाली. पहिली धावते, चिकटते आणि बाकीच्यांना हाक मारते. त्या येतात, त्या आणखी हाका मारतात. बघता बघता नळी बंद. ॲस्पिरिन ती हाक बंद करते. झालेली गुठळी ती विरघळवत नाही, पण नवी गर्दी थांबवते. आणि प्लेटलेट इतकी साधी असते की एकदा मुकी झाली की मरेपर्यंत मुकीच."

"मग गिळून टाकायची की."

"गिळायची नाही, चावायची. भुगा झाला की रक्तात लवकर जाते. इथे लवकर म्हणजेच सगळं."

"आणि ही हाक बंद करणं नेहमी चांगलंच?"

हा प्रश्न मी विचारला होता, माइकवाल्या, हे नीट येऊ दे. ती म्हणाली, "नाही. कोणाच्या जठरात जखम असेल, तर तिथे तीच हाक जीव वाचवत असते. तिथे गोळी दिली तर रक्त थांबत नाही. म्हणून तर आधी प्रश्न."

मी मान हलवली. मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

पण ईशानी गावात आली ती प्लेटलेट शिकवायला नाही. पट्टा साऱ्या राज्यात चालत होता आणि आमच्या दोन तालुक्यांत आपटला होता. लोकांना झटके येत, पट्टा बरोबर ओळखे, बरोबर विचारे, आणि लोक गोळी घेत नसत. कंपनीला वाटलं सुया बिघडल्या. मग त्यांनी आवाज ऐकले.

पलीकडच्या गल्लीतल्या डिगंबर राण्यांचं ऐका. छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला. पट्टा गोड शहरी आवाजात म्हणाला, "आपल्याला ॲस्पिरिनची गोळी देऊ का?"

डिगंबर म्हणाले, "नको नको. राहू द्या."

पट्टा म्हणाला, "ठीक आहे." आणि गप्प बसला.

डिगंबर वाट बघत राहिले. ॲम्ब्युलन्स आली म्हणून वाचले. दवाखान्यात बायकोने विचारलं, "गोळी का घेतली नाही हो?" तर म्हणाले, "एकदाच विचारलं त्याने."

हसा. पण तुमच्यापैकी कोण पहिल्या वेळी हो म्हणतं? पाहुण्याकडे चहाला पहिल्यांदा हो म्हणणारा माणूस आम्ही हावरट समजतो. पहिला नको रीतीचा. दुसरा नको समोरच्याचं मन बघायला. तिसऱ्यानंतर खरी बोलणी सुरू. यंत्राला हे कोण सांगणार? त्याने आमचा नको जसाच्या तसा घेतला आणि बक्कल बंद ठेवलं.

ईशानीची आजी ह्याच भागातली, म्हणून तिला हे उमगलं. तिने विचारलं, इथे पंगतीत सर्वात जबर आग्रह कोण करतं? आणि गावाने, एकमताने, बोट माझ्याकडे दाखवलं.

त्यात नवल नाही. माझ्या हातात जिलबीची परात आली की पंगतीतले पट्टीचे खाणारेही कडेकडेने उठायला बघत. मी कोणाला म्हणे, "तुमच्या वडिलांनी ह्याच जागी बसून दुप्पट खाल्ली होती." कोणाला म्हणे, "ठीक आहे, टाकून द्या, पण पानात असू द्या." एका जावईबुवांना मी इतकं वाढलं की ते परत जाताना गाडीचा टायर बसला.

"टायर आधीच पंक्चर होता," गिरीश म्हणाला.

"पण लग्नाला येताना बसला नव्हता ना?"

शाळेच्या एका खोलीत गाद्या टांगून ईशानीने माझा आवाज भरला. मी मनापासून वाढलं. "एवढीशी तर आहे." "माझ्यासाठी म्हणून." "असं कसं, मग आम्ही कोण तुमचे?" ती हसून हसून पाणी प्यायली. मग गंभीर झाली. म्हणाली, "नाना, एक सांगा. खरा नको कसा ओळखायचा?"

मी म्हणालो, "बाई, खरा नको नसतोच."

"असेल ना. कोणाला गोळी खरंच चालत नसेल, आणि प्रश्नांच्या वेळी सांगायचं राहिलं असेल."

"सांगायचं कसं राहील? यंत्र विचारतंय, समोर जीव जातोय. माणूस खोटं बोलेल?"

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. पंगतीत इतकी वर्षं वाढणाऱ्या माणसाला असलं काही ठाऊक नाही, हे तोंडातून निघत नव्हतं. आणि खोलीबाहेर अर्धं गाव कान लावून होतं.

ठसका लागला. धूर आहे. पाणी दे रे कोणी.

तर पट्टा बोलायला लागला, माझ्या आवाजात, आणि लोक गोळ्या खायला लागले. हे खरं आहे, शार्दूल, तुझ्याकडे आकडे असतील. माणसं वाचली. आमच्याच गल्लीत वाचली. सकाळी पट्टा प्रत्येकाला "बरं आहे ना?" विचारतो, मी दुधाला निघालो की दोन्ही बाजूच्या ओट्यांवरून माझाच आवाज माझी विचारपूस करायचा. आमची ही म्हणाली, "घरात एक होता तेवढा पुरे होता." यावलला पट्ट्याने असा आग्रह केला की पेशंटने चावली ती चावली, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनेही आपल्याला एक मागितली. रावेरच्या एका विहीणबाईंनी गोळी घेतल्यावर पट्ट्यालाच बजावलं, "आता तुम्हीही काहीतरी घेतल्याशिवाय जायचं नाही."

"नाना, व्याह्यांचं सांगा," शार्दूल म्हणाला. पोरगा सभ्य आहे, पण घाईचा.

सांगतो. तिकडेच चाललोय.

व्याही म्हणजे पुरुषोत्तम झोपे, सावद्याचे. शाळेत गणित शिकवायचे. रस्त्यात शेळी समोर आली तरी बाजूला होऊन तिला जाऊ देतील, असा माणूस. कामिनीचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण लेकीच्या सासरी आले की खुर्चीच्या काठावर बसायचे. पंखा लावा म्हणायचे नाहीत. उकडून घामाघूम होतील, पण पंखा लावा म्हणायचे नाहीत. मुलीच्या बापाने मुलाच्या घरी काही मागू नये, हे त्यांच्या हाडात होतं. आणि मी त्यांना फार छळायचो. प्रेमाने. ते तिसऱ्या पुरीला नको म्हणाले की मी पाचवी वाढायचो, आणि ते खायचे. सगळे हसायचे. तेही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी, ह्याच शेतात, अशीच पार्टी. दुपारची वेळ. पोरंबाळं, सुना, विहीणबाई, आजूबाजूच्या शेतांतली माणसं. व्याही त्या कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मला नंतर कळलं की गुडघ्यासाठी ते बरेच दिवस दुखण्याच्या गोळ्या खात होते, उपाशी पोटीही, आणि त्यांना शौचाला काळं होत होतं. डांबरासारखं. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी गोष्ट आहे का ती, असं त्यांना वाटलं असणार.

हातातली ताटली कलली. चेहरा राखेसारखा झाला. आणि त्यांचा पट्टा बोलायला लागला. माझ्या आवाजात.

सगळ्यांना वाटलं मी गंमत करतोय. मी तोंड मिटून बाजेजवळ उभा, आणि आवाज मनगटातून. पोरं खिदळली. मीही हसलो. मग पट्ट्याने सांगितलं की ॲम्ब्युलन्स निघाली आहे, तेव्हा हसू थांबलं.

पट्टा विचारू लागला. माझा आवाज मोठा, भरलेलाही मोठ्याने. साऱ्या शेताला ऐकू गेला. "ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, भाऊ?" नाही. "पाठीत चिरल्यासारखं दुखतंय का?" नाही. "पोटात कधी जखम? उलटीत रक्त? शौचाला काळं होतं का?"

माणसं भोवती गोळा झाली होती. सुना होत्या. विहीणबाई होत्या. पोरं होती, त्यांच्या हातात पुऱ्या होत्या. व्याह्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लाल झाले होते. छातीत कळ असतानाही माणसाचे कान लाल होऊ शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"नाही," म्हणाले.

बक्कल अजून बंद. "मग ही गोळी चावून घ्या, भाऊ."

"नको."

"असं कसं? एवढीशी तर आहे."

"नको हो. दवाखान्यात बघतील."

"माझ्यासाठी म्हणून."

"खरंच नको."

"मग आम्ही कोण तुमचे?"

ह्याला उत्तर नसतं. शिकवताना मला ठाऊक होतं की ह्याला उत्तर नसतं, म्हणून तर ते शेवटी ठेवलं होतं. व्याही म्हणाले, "बरं." इतक्या हळू की मी ओठांवरून ओळखलं. बक्कल उघडलं. गोळी त्यांच्या तळहातावर आली.

आणि इथे, शार्दूल, इथे नीट ऐक.

गिरीश, तू का गप्प बसलास? इतका वेळ टोचत होतास.

"काही नाही, नाना. सांगा."

तर गोळी तळहातावर, आणि मी त्यांचे डोळे पाहिले. हजारो पानांवर वाढलेला माणूस मी. रीतीचा नको डोळ्यांत हसतो, पोट भरल्याचा नको जडावलेला असतो. हा तिसराच होता. मला विजेसारखं कळलं, हा खरा नको आहे. मी पुढे झालो, त्यांच्या हातातली गोळी उचलली आणि समोर वांग्यांचा जाळ होता त्यात भिरकावली. पट्टा माझ्याच आवाजात आग्रह करत राहिला, आणि मी त्याला म्हणालो, "गप. पाहुण्याला नको आहे." मग ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "गोळी पोटात गेली असती तर अवघड होतं. ज्याने थांबवलं, त्याला कळत होतं."

शार्दूल माइककडे बघत होता. म्हणाला, "डोळ्यांवरून. म्हणजे पट्ट्याला कॅमेरा लागेल. आणि मग ते बरे झाले?"

"झाले की. सावद्याला असतात."

"आज आले नाहीत?"

"गुडघे. गुडघ्यांमुळे फिरणं होत नाही आता."

"त्यांच्याशी बोलता येईल का मला?"

"कशाला त्यांना त्रास. मी सांगितलं ना सगळं."

"तुमचा स्वतःचा पट्टा दिसत नाही, नाना."

"खाज येते मला त्याने."

"म्हणजे हे आम्ही पट्ट्याला शिकवू शकतो," शार्दूल म्हणाला, स्वतःशीच बोलल्यासारखा. "तीन वेळा आग्रह केल्यावरही माणूस डोळ्यांनी नको म्हणत असेल, तर थांबायचं. तोपर्यंत आग्रह चालू. बाकी सगळं तुमच्या आवाजात जसंच्या तसं. उद्यापासून भरू."

"भरू," मी म्हणालो. "वांगी झाली बहुतेक. गिरीश, उलट जरा ती."

गिरीश जागचा हलला नाही. तो चुलीकडे बघत होता. कढईतला आवाज थांबला होता. कामिनीने पुऱ्यांची परात खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि आमच्यापर्यंत चालत आली. ती माझ्यासमोर सहसा बोलत नाही. आली आणि माझ्याशी न बोलता शार्दूलच्या पुढे, माझ्या सदऱ्यावरच्या माइकसमोर, उभी राहिली.

"भाऊ, हे चालू आहे ना?"

"चालू आहे, ताई."

"मग हे असं भरू नका. लोक मरतील." तिचा आवाज चढला नाही. पुरी झाली का विचारावं, तसा होता. मग ती माझ्याकडे वळली. "नाना, माझे आप्पा दवाखान्यात रक्त ओकत होते. रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांना हृदयाची नळी उघडायला हात लावता येईना, तोवर अर्धं हृदय गेलं. आता ते चार पायऱ्या चढले की बसतात. गुडघ्यांनी नाही. तुम्ही दोन वर्षांत एकदाही त्यांच्याकडे गेला नाहीत."

"कामिनी, पाहुणे आहेत."

"तेव्हाही होते. गोळी जाळात पडली नाही, नाना. आप्पांनी ती मुठीत धरली होती आणि दुसरा हात तोंडावर आडवा घेतला होता. मी बाजेच्या उशाशी उभी होते. तुम्ही हसत पुढे आलात, म्हणालात, 'यंत्राला नाही म्हणा, मला म्हणून दाखवा.' आणि त्यांच्या तोंडावरचा हात तुम्ही तुमच्या हाताने बाजूला केलात."